मेंदीच्या फुलांचा आंबट वास

माझं नाव सौम्या. नाव ठेवताना माझ्या वडिलांनी मला नीट पाहिलं नव्हतं, असं आमच्या शाळेतले लोक म्हणतात. बेळगावच्या एका मराठी हायस्कुलात मी विज्ञान शिकवते. रोज येळ्ळूरहून लाल बसने जाते, वर्गात कुणी चुळबूळ केली की आवाज चढवते, आणि माझा आवाज चढला की शेजारचा वर्गसुद्धा गप्प होतो. घरी मात्र या आवाजाला कुणी भीक घालत नाही, कारण घरी दोन भाऊ आहेत.

थोरला भाऊ म्हणजे आमचे हे, नागोजी. उद्यमबागेतल्या कारखान्यात लेथवर असतात. केसाएवढा फरक पडला तरी केलेलं काम भंगारात टाकणारा माणूस. धाकटे मष्णूभावजी. ते घरची शेती बघतात, आमच्याकडचा वासाचा बासमती पिकवतात आणि जगाशी हसून बोलतात. घरं शेजारी शेजारी, मागचं परडं एकच, आणि परड्याच्या मधोमध मेंदीचं कुंपण. ते वाटणीचं कुंपण नव्हतं. सासूबाईंना, म्हणजे मालुबाईंना, मेंदीच्या फुलांचं वेड, म्हणून त्यांनी ते लावलेलं. मेंदी हातावर काढतात एवढंच पुष्कळांना माहीत असतं. तिला बारीक, पिवळट पांढऱ्या फुलांचे तुरे येतात आणि संध्याकाळी त्यांचा असा वास सुटतो की हातातलं काम विसरायला होतं. सासूबाई एक तुरा अंबाड्यात खोवायच्या. त्या दिसल्या नाहीत तरी आत्ता कुठल्या खोलीतून गेल्या ते आम्हाला कळायचं.

सासऱ्यांना, म्हणजे ज्योतिबाआप्पांना, त्याच फुलांचा राग. ह्यांच्या लहानपणी एकदा आप्पांनी सासूबाईंच्या अंबाड्यातला तुरा ओढून उकिरड्यावर फेकला होता. तेव्हापासून आप्पा शेताकडे गेले की सासूबाई तुरा खोवायच्या आणि ते परतायच्या आत काढून ठेवायच्या. लहान नागोजीनं दारात उभं राहून ते सगळं पाहिलं आणि आप्पांना मनातून कधी माफ केलं नाही. आप्पा मष्णूभावजींकडे राहतात त्याचं कारण हेच. "जेवलासा काय" आणि "गोळी घेतलासा काय" याच्या पलीकडे हे त्यांच्याशी बोलत नाहीत.

सासूबाई गेल्या आणि गेल्या वर्षी त्यांचा पहिला म्हाळ आला. पितृपंधरवड्यातली नवमी, आमच्या घरात केळीच्या पानांची पंगत. ह्यांनी फोटोपुढे मेंदीच्या तुऱ्यांचा ढीग घातला होता. आप्पा बसले, त्यांच्या शेजारी मष्णूभावजी बसले. भातावर तूप पडलं आणि भावजी नाकाला टॉवेल लावून ताडकन उठले.

"ह्ये काय आंबलंय हितं? अण्णा, ती फुलं भाईर टाक. मला घास जायना."

म्हाळाच्या पानावरून उठणं म्हणजे काय, हे आमच्या भागात कुणाला समजावून सांगावं लागत नाही. त्या दिवशी गेलेलं माणूस पंगतीत जेवायला आलेलं असतं. तिच्या पोटच्या पोरानं तिच्या आवडत्या फुलांना नाक मुरडून तिच्याच पानावरून उठावं? हे पांढरेफटक पडले. आणि आप्पा शेजारी बसून शांतपणे भात कालवत होते. तोंडातून ब्र नाही. ज्यांनी त्या फुलांचा उभा जन्म राग केला ते मुकाट जेवतायत आणि धाकट्याला मात्र सोसवत नाही, यावरून घरातल्या सगळ्यांनी एकच अर्थ काढला, की भावजी नाटक करतायत.

"आईच्या म्हाळाला नाटक करतोस?" हे म्हणाले. "खोटारड्या."

भावजी तसेच बाहेर निघून गेले. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी कोयता घेतला आणि विहिरीकडची दोन झुडपं सोडून सगळं कुंपण आडवं केलं. तेव्हापासून दोन भावांचं बोलणं बंद. माझी जाऊ बेबी आणि मी एकमेकींना आमटीची वाटी द्यायचो तीसुद्धा पदराखालून, चोरून. लग्न होऊन इतकी वर्षं झाल्यावर स्वतःच्याच परड्यात चोरी करायची म्हणजे काय, हे मला विचारा.

यंदा म्हाळ तोंडावर आला तेव्हा ह्यांनी जाहीर केलं, "औंदा दोन घरांत दोन म्हाळ. आन् मधी भिंत." गवंडी शामूला सांगून झालं, विटा येऊन पडल्या आणि जिथं मेंदी होती तिथं पाया खणला गेला. भिंतीचं मला एवढं वाटलं नाही. पण जेवायला कुठल्या घरात जायचं हे त्या गेलेल्या बाईनं कसं ठरवायचं? मी हे बोलून दाखवलं. आवाजही चढवला. हे शांतपणे पायाला सुतळी धरत राहिले.

आणि त्याच आठवड्यात, शनिवारी, बेळगावात आम्हा विज्ञान शिक्षकांचं शिबिर होतं.

जेवणात दुधाचा गोड कुंदा होता, त्यामुळे दुपारच्या व्याख्यानाला निम्मे शिक्षक डोळे मिटून ऐकत होते. बोलायला आली चिन्मयी नावाची मुलगी. बेळगावचीच, आता बेंगळुरूला वासावर संशोधन करते. पहिल्या दोन वाक्यांतच माझी झोप उडाली. तिनं जे सांगितलं ते मी तेव्हापासून भेटेल त्याला सांगत सुटले आहे, तेव्हा तुम्हीही ऐका.

आपल्या नाकाच्या अगदी वर, छपराला, टपालाच्या तिकिटाएवढी एक जागा असते. तिथं लाखो पेशी दाटीनं बसलेल्या असतात आणि प्रत्येकीला बारीक केस असतात, शेंबडात बुडालेले. हसू नका. शेंबूड नसता तर मोगराही नसता. फुलातून सुटलेला वासाचा रेणू हवेतून येतो, त्या ओलाव्यात विरघळतो आणि केसावरच्या कुलपात जाऊन बसतो. हे कुलूप म्हणजे एक प्रथिन, तीनशेवर मण्यांची माळ, पेशीच्या पापुद्र्यातून सात वेळा आतबाहेर ओवलेली. माणसाकडे अशी सुमारे चारशे तऱ्हेची कुलपं असतात आणि एका पेशीला त्यातलं एकाच तऱ्हेचं मिळतं. कुत्र्याकडे, उंदराकडे जास्त तऱ्हा असतात, पण यंत्र तेच.

रेणू कुलपात बसला की ती माळ पिळवटते. तिची आतली बाजू हलते आणि तिथं टेकून झोपलेलं जी-प्रथिन जागं होतं. ते जाऊन एका विकराला, म्हणजे एन्झाइमला, डिवचतं. तो विकर सायक्लिक एएमपी नावाचे निरोपे भराभर तयार करायला लागतो. हे निरोपे पेशीच्या पापुद्र्यातलं दार आतल्या बाजूनं उघडतात आणि बाहेरचं सोडियम, कॅल्शियम आत घुसतं. इथपर्यंत ठीक. पुढं जे आहे तिथं मी खुर्चीच्या कडेवर आले. आत आलेलं कॅल्शियम आणखी एक दार उघडतं आणि त्यातून क्लोराइड बाहेर जातं. बाकीच्या बहुतेक मज्जापेशींत क्लोराइड आत येतं आणि पेशीला शांत करतं. नाकात उलट. इथं आधीच ते आत साठवून ठेवलेलं असतं, आणि ऋण भाराचं क्लोराइड बाहेर पडलं की आतली खळबळ कमी व्हायच्या ऐवजी वाढते. भावजी पंगतीतून उठून बाहेर गेल्यावर आमच्या घरात हेच झालं होतं. मग त्या खळबळीतून ठिणगी उडते, मज्जातंतूवरून मेंदूकडे धावते आणि आपण म्हणतो, अरे, मोगरा.

मला टाळ्या वाजवाव्याशा वाटत होत्या. रोज सकाळी चहाचा वास घेताना माझ्या नाकात एवढी धावपळ चालते आणि मला पत्ताही नाही.

मग चिन्मयीनं कागदाच्या पट्ट्या फिरवल्या. प्रत्येकीच्या टोकाला कसला तरी थेंब. मी पट्टी नाकाशी नेली आणि झटकन मागं वळून पाहिलं. मला वाटलं, माझ्या पाठीमागून सासूबाई चालत गेल्या. मागं फक्त भिंत आणि पंखा होता. माझे डोळे भरून आले, भर हॉलमध्ये.

तेवढ्यात शेजारचे उपेंद्र सर चेहरा वाकडा करून म्हणाले, "व्हिनेगर कुणी आणलं हे?"

मी त्यांच्या हातातली पट्टी हिसकावून घेतली. तीच. तोच वास. माझ्या नाकात सासूबाई, त्यांच्या नाकात व्हिनेगर.

चिन्मयी हसत होती. तिला हेच हवं होतं. ती म्हणाली, "याचं नाव बीटा-आयोनोन. मेंदीच्या फुलात असतं, आणखीही बऱ्याच फुलांत असतं. याचं एक खास कुलूप आहे. त्या कुलपाच्या माळेतला एक मणी काही लोकांत वेगळा असतो. एकच मणी. तेवढ्यानं हे कुलूप या रेणूसाठी नीट उघडतच नाही. आईकडून एक प्रत मिळते, वडिलांकडून एक. दोहोंपैकी एक जरी चांगली असली तरी फूल कळतं. दोन्ही तशा निघाल्या की थोडका वास पत्ताच लागू देत नाही आणि जास्त असला तर दुसरीच कुठली तरी कुलपं खडखडतात. मग त्या माणसाला फुलाच्या जागी आंबट, उग्र काहीतरी येतं. बाकी त्याचं नाक ठणठणीत असतं."

मी उभी राहिले. का उभी राहिले ते मला आधी कळलंच नाही.

"मॅडम, काही विचारायचंय?" चिन्मयीनं विचारलं.

"आम्ही माझ्या दिराला खोटारडा म्हटलंय," मी म्हणाले. सगळा हॉल जागा झाला.

शिबिर सुटल्यावर मी तिला गाठलं, म्हाळाची सगळी गोष्ट उभ्याउभ्या सांगितली. तिनं बोटाएवढी बाटली माझ्या हातात ठेवली आणि पातळ कसं करायचं ते सांगितलं. बसमध्ये मला दम निघेना. मी माझी पट्टी आधी शेजारणीच्या नाकाशी धरली, मग पुढच्या बाकावरच्या म्हाताऱ्याच्या. फूल की आंबट, एवढंच सांगा. बहुतेकांनी फूल सांगितलं. कंडक्टरनं कन्नडमध्ये विचारलं की बाई, तिकीट काढायचंय की अत्तर विकायचंय. मी त्यालाही हुंगायला लावलं. त्यानं नाक आक्रसलं आणि "हुळी" म्हणाला, म्हणजे आंबट. त्याला मिठी मारावी असं मला वाटलं, पण वडगावचा स्टॉप आला होता आणि गर्दी फार होती.

घरी येऊन चपला काढायच्या आधी मी ह्यांना सगळं सांगितलं. कुलूप, माळ, निरोपे, क्लोराइड, सगळं. हे सुतळी गुंडाळत ऐकत होते.

"झालं?" ह्यांनी विचारलं. "मग आप्पांचं काय? त्यास्नी बी त्यो वास नकोच असतोय. ते त्या दिशी गप जेवत हुते. म्हंजे सोसता येतंय. मष्ण्यानं नाटकच केलं."

वयानं आप्पांचं नाक गेलं असेल, असं मी म्हणून पाहिलं, पण आप्पांना बेबीची आमटी करपलेली ओसरीवर बसून कळते, हे सगळ्या गल्लीला ठाऊक आहे.

"तू त्याची बाजू घ्यालीस," हे म्हणाले.

"मी नाकाची बाजू घेतेय. तुम्ही लेथवर डोळ्यांनी माप घेता काय? मापून बघा आणि मग भिंत घाला. मी शब्द बोलणार नाही."

माप म्हटल्यावर ह्यांनी सुतळी खाली ठेवली. मग म्हणाले, "भरायचं ते मी भरनार. तू हात लावायचा न्हाय."

रविवारी सकाळी शामू थापी घेऊन आला तेव्हा परड्यात पायाच्या अलीकडे पाट मांडला होता. ह्यांनी स्वतः झाकणाच्या स्टीलच्या डब्या धुऊन, उन्हात वाळवून घेतल्या होत्या. एकीत लवंग ठेचून घातली, एकीत कापूर, एकीत व्हिनेगर, एकीत नुसतं पाणी, आणि एकीत बाटलीतल्या द्रावणाचा पाण्यात मिसळलेला बारीक थेंब. पाठ फिरवून डब्यांची जागा बदलली. शामूला म्हटलं, जरा थांब. तो विटांवर बसला आणि तंबाखू मळायला लागला.

बेबीनं भावजींना एवढंच सांगितलं होतं की आक्काच्या, म्हणजे माझ्या, शाळेचा प्रयोग आहे, नाक घेऊन या. ते हसत आले आणि पलीकडे अण्णाला बघून हसू मावळलं. पण माझा शब्द त्यांनी कधी मोडला नाही. ते पायाच्या पलीकडच्या काठावर उभे राहिले. हे अलीकडे. मधला खड्डा कुणी ओलांडेना, म्हणून डब्या मी हात लांब करून द्यायच्या ठरल्या.

"डोळे मिटा भावजी. काय येतंय ते सांगा."

"लवंग," भावजी म्हणाले. पुढची. "कापूर." पुढची. "गोबी मंचुरीच्या गाड्यावर बाटलीत असतंय ते. व्हिनेगर." पुढची. "ह्ये रिकामं हाय, वैनी. पानी." आणि शेवटची. त्यांनी दोनदा हुंगली. "ह्ये बी पानीच."

शेवटच्या डबीचं झाकण निघाल्याबरोबर माझ्यापर्यंत मेंदी आली होती. विटांवरून शामू म्हणाला, "पानी कुठलं? फुलं हाईत की ती. मेंदी फुललिया."

"गप रे," हे म्हणाले. त्यांनी डब्या ओढून घेतल्या, पाठ केली, पुन्हा जागा बदलल्या. पुन्हा दिल्या. भावजींनी लवंग, कापूर, व्हिनेगर अचूक सांगितलं आणि दोन डब्या पाणी म्हणून परत केल्या. पुन्हा बदलल्या. पुन्हा तेच. ह्यांच्या कपाळावर आठी होती, पण ती लेथवर नवीन माप जुळत आलं की पडते तशी होती. मी ती आठी ओळखते.

मग ह्यांनी मला न विचारता बाटली उचलली, पाणी न घालता कोरड्या वाटीत अर्धी ओतली आणि पहिल्यांदाच स्वतः हात लांब केला.

भावजींनी हुंगलं आणि मान झटकली. डोळे अजून मिटलेलेच होते. "ह्ये व्हिनेगरच, पर लई वंगाळ. लई उग्र." त्यांनी परत एकदा हुंगलं. "वैनी, ह्योच. त्या दिशी पानावर बसलो तवा ह्योच वास आल्ता. आईची आन, मी नाटक न्हाय केलं. लहानपनी बी कुंपनाकडनं जाताना मी तोंडानं दम घ्यायचो. सांगितलं की आईचा मार बसायचा."

"डोळं उघड," हे म्हणाले. वर्षभरात धाकट्याशी बोललेला तो त्यांचा पहिला शब्द.

भावजींनी डोळे उघडले. वाटीत पाण्यासारखं काहीतरी होतं. फूल नव्हतं, पान नव्हतं.

"ह्ये काय हाय?"

"मेंदीच्या फुलाचा वास," मी म्हटलं. मग मला आवरलं नाही. मी त्या खड्ड्याच्या काठावर उभी राहून सगळं सांगितलं, की भावजी, तुमचं नाक शाबूत आहे, आतली सगळी दारं चांगली आहेत, निरोपे चांगले आहेत, ठिणगी चांगली आहे, फक्त चारशेतलं एक कुलूप वेगळं आहे आणि त्यातही एक मणी. शामूची तंबाखूची चिमूट तोंडाशीच थांबली होती.

मग भावजींनी जे विचारलं ते आमच्या घरात आजवर कुणी कुणाला विचारलं नव्हतं.

"अण्णा, तुला ह्यात काय येतंय?"

ह्यांनी वाटी नाकाशी नेली. "आई," हे म्हणाले. "अंबाडा घालून परड्यातनं आत येती तशी."

"मला ह्यात आई न्हाय घावत, अण्णा." भावजी खाली बसले. "मला तिचा वास म्हंजे बासमतीचं झाकन काढल्यावर वाफ येती न्हवं, त्यो. मला ठावंच न्हवतं तुझी आई येगळ्या वासाची हाय."

मला रडू आलं, आणि मी ते लपवलं नाही. पण ह्यांचं लक्ष आमच्याकडे नव्हतं. हे पलीकडे, भावजींच्या ओसरीकडे बघत होते. भावजींच्या दोन्ही प्रती तशा, एक आईकडची, एक आप्पांकडची. हिशेब मी सांगायच्या आधी त्यांना लागला होता.

हे वाटी हातात धरून पाया ओलांडून गेले. भावजी उठून त्यांच्या मागं, मी आणि बेबी त्यांच्या मागं. आप्पा ओसरीवर बाजेवर बसून शेंगा सोलत होते. थोरला पोरगा समोर येऊन उभा राहिलेला पाहून त्यांनी सवयीनं सांगितलं, "गोळी घेतलोय."

"आप्पा, ह्ये हुंगा. कसला वास येतोय?"

आप्पांनी वाटी घेतली. हुंगलं. सगळा चेहरा गोळा झाला. "आंबट. शिळ्या ताडीगत." मग हळू म्हणाले, "तुझ्या आयच्या डोक्याला यायचा त्यो."

"आमास्नी ह्यो गोड येतोय, आप्पा," हे म्हणाले. "तुमास्नी आन् मष्णूला आंबट येतोय. रक्तातनंच हाय. आईला बी गोडच यायचा."

आप्पांनी वर पाहिलं. "गोड?"

"व्हय."

"गोड येतोय व्हय तुमास्नी," आप्पा स्वतःशीच म्हणाले. "मला वाटायचं, घरात कुनाला सोसत न्हाय तसली आंबट फुलं ही बाई मला डिवचायला घालती. एकदा फेकलो. मग तिनं माझ्याम्होरं घालायचंच सोडलं. पर वास ऱ्हायाचाच मागं. उशीला ऱ्हायाचा."

"मग गेल्या म्हाळाला तुमी गप कसं बसलासा?" ह्यांनी विचारलं. "मष्णू उठला. तुमास्नी बी आला असंल की वास. तुमी का न्हाय बोललासा? वरीसभर आमी दोघं बोललो न्हाय त्यापायी."

"वासावरनं?" आप्पा थक्क होऊन दोघांकडे बघायला लागले. "मला वाटलं तुमी जमिनीवरनं भांडलाय. वासावरनं कोन भांडतंय?" मग त्यांनी वाटी मांडीवर धरली. "आन् मी उठून कुठं जानार हुतो? ती गेल्यापासनं त्या दिशी पैल्यांदा घरात आल्ती."

ह्यांनी वाटी घ्यायला हात पुढं केला. आप्पांनी ती दिली नाही.

शामूचा दिवस वाया गेला म्हणून तो कुरकुरला, पण चहा घेतल्याशिवाय गेला नाही. विटा अजून परड्यात पडून आहेत, त्यांवर बेबी मिरच्या वाळवते. पायाच्या खड्ड्यात मी विहिरीकडच्या झुडपांच्या काड्या लावल्या. शेणखत भावजींनी स्वतः आणून घातलं आणि तोंडानं दम घेत माती ओढली. आता चार-चार पानं फुटली आहेत. मी दहावीच्या सगळ्या वर्गाला त्या बाटलीचा वास दिला, आणि ज्या पोरांना आंबट आला त्यांना बाकीची हसायला लागली तेव्हा माझा आवाज असा चढला की दोन वर्ग पलीकडे शांतता पसरली.

नवमीला म्हाळ एकच झाला, आमच्या घरात. मष्णूभावजींचं पान ह्यांनी दाराजवळ मांडलं, वाऱ्याच्या बाजूला, आणि बासमतीचं पातेलं उचलून त्याच पानाशेजारी नेऊन झाकण काढलं. वाफ वर आली. भावजी मान खाली घालून बसले होते. ह्यांनी त्यांना स्वतः वाढलं आणि पुन्हा वाढलं.

मग हे फोटोपाशी गेले, मेंदीचे तुरे उचलले आणि आप्पांच्या पानाशेजारी ठेवून क्षणभर थांबले, नको म्हणतील की काय म्हणून. आप्पांनी नाक मुरडलं आणि तुरे आणखी जवळ ओढून घेतले.